ओव्हरऑइल : कर्वेनगरमधील एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाविषयी

पुण्यातील सायकलच्या दुकानांत ‘ओव्हरऑइल’ हा शब्द सर्रास चालतो. तो मूळ ‘ओव्हरहॉल’चा (म्हणजे सगळे भाग खोलून केलेल्या दुरुस्तीचा) अपभ्रंश आहे हे बहुतेकांना ठाऊक असते, परंतु या अपभ्रंशाने कामाचेही थोडे नुकसान केले आहे, कारण सायकल ओव्हरऑइलला टाकली म्हणजे सगळ्या सांध्यांत तेल सोडून मिळणार अशी ग्राहकाची समजूत होते आणि पुष्कळ दुकानदार तेवढ्यावरच भागवतात. कर्वेनगरमधील ज्या दुकानाविषयी मी लिहीत आहे तेथेही शब्द हाच आहे, काम मात्र मूळ शब्दाचे होते.

या दुकानाला नाव नाही. शटरच्या वर ‘सायकल दुरुस्ती’ एवढी दोनच पदे रंगवलेली आहेत, आत एका वेळी जेमतेम चार सायकली मावतात आणि पाचवी आली की ती पदपथावर उभी राहते. दुकान चालवणारे काका साठीच्या पुढचे आहेत. मी वारज्याहून शिवाजीनगरला कार्यालयात सायकलने जाते. एका बाजूचे अंतर सुमारे ९ किलोमीटर, आठवड्यातून चार-पाच दिवस, आणि त्यातला बराचसा भाग कर्वे रस्त्यासारख्या गर्दीच्या रस्त्यावरून. सायकल साधीच आहे: २१ गिअर, व्ही-ब्रेक, ७०० बाय ३८ चे टायर, मागे कॅरिअर. चार वर्षांत तिची खरी देखभाल कधी झाली नव्हती हे मला या दुकानात येईपर्यंत कळले नव्हते, कारण वर्षातून एकदा ती मी एका मोठ्या, वातानुकूलित दालनात नेत असे आणि ती तेथून चकचकीत होऊन परत येत असे. त्या चकाकीचे कारण पाण्याचा जोरदार फवारा होता. असा फवारा हबवर (चाकाच्या मध्यभागावर) आणि पॅडलच्या सांध्यावर मारला की आतले ग्रीस निघून जाते आणि पाणी तेथे मुक्काम करते, हे मला काकांनी मागचे चाक उघडून दाखवले तेव्हा समजले. आतून जे बाहेर आले ते ग्रीस नव्हते, तांबूस चिखल होता.

परंतु चाक उघडण्यापूर्वी त्यांनी जे केले, त्यासाठी खरे तर हा लेख लिहावासा वाटला. सायकल आत घेताच त्यांनी विचारले, “ताई, स्कूटर पण चालवता का?” मी हो म्हणाले. त्यावर त्यांनी दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून पाहिले आणि सांगितले की या सायकलचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला आहे. आपल्याकडच्या स्कूटरचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. दोन्ही वाहने चालवणाऱ्या माणसाचा हात ऐनवेळी विचार न करता सवयीने चालतो, आणि मागचा ब्रेक लावतो आहोत अशा समजुतीने डाव्या हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबला गेला तर ओल्या रस्त्यावर पुढचे चाक घसरते. गेल्या पावसाळ्यात नळ स्टॉपजवळ एक रिक्षा अचानक आडवी आली असता मी नेमकी अशीच पडता पडता वाचले होते आणि दोष रस्त्यावर सांडलेल्या तेलाला दिला होता. “वायरी अदलाबदल करू का? पण सवय तुमची, तुम्ही सांगा,” असे त्यांनी विचारले, परस्पर बदल केला नाही. चार वर्षांत ही सायकल ज्यांच्या ज्यांच्या हाताखालून गेली, त्यांपैकी कोणीही मला हा प्रश्न विचारलेला नव्हता. (स्कूटर न चालवणाऱ्या आणि डाव्या हाताच्या पुढच्या ब्रेकला सरावलेल्या माणसाने हा बदल करून घेऊ नये, हे ओघाने आलेच.)

चेनच्या बाबतीत त्यांची पद्धत जुनी आणि चोख आहे. बाजारात चेन मोजण्याचे खास गेज मिळते, त्यांच्याकडे लोखंडी फूटपट्टी आहे. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणून नव्या चेनचे २४ जोड बरोबर १२ इंच भरतात. पट्टीचे टोक एका पिनच्या मध्यावर धरून २४ जोड मोजले आणि शेवटची पिन १२ इंचांच्या पुढे एक षोडशांश इंच सरकलेली दिसली, म्हणजे चेन साधारण अर्धा टक्का वाढली असे समजून ती बदलावी. एक अष्टमांश सरकली असेल तर उशीर झालेला आहे. ‘वाढली’ म्हणण्याची पद्धत असली तरी लोखंड ताणले जात नाही, प्रत्येक पिन आपल्या भोकात थोडी थोडी झिजते आणि त्या सगळ्या झिजांची बेरीज लांबीत दिसते. माझ्या चेनची पिन एक अष्टमांशाच्याही पुढे गेली होती. अशी चेन फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचे) दात आपल्या मापाने खाऊन टाकते, आणि मग केवळ नवी चेन चढवली तर ती जोर दिला की दातांवरून उडी मारते. सिग्नल सुटल्यावर मागे बस असताना पॅडलवर उभे राहून जोर द्यावा आणि चेन उडावी, यासारखा धोका नाही. त्यामुळे फ्रीव्हीलही बदलावे लागले. वेळेवर चेन बदलली असती तर फ्रीव्हीलचे पैसे वाचले असते, हे त्यांनी एकदाच सांगितले आणि पुन्हा त्याचा उच्चार केला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

फ्रीव्हील काढणे हे पाहण्यासारखे काम आहे. प्रत्येक पॅडलबरोबर ते हबवर अधिकाधिक घट्ट होत गेलेले असते, त्यामुळे साध्या पान्ह्याने ते हलत नाही. काकांनी त्याच्या खाचेत बसणारा सॉकेट व्हाइसमध्ये पकडला, त्यावर चाक आडवे बसवले आणि ट्रकचे स्टिअरिंग फिरवावे तसे दोन्ही हातांनी रिम धरून फिरवले. मग अॅक्सल (चाकाचा आस) बाहेर आला. मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंचाचे ९ छर्रे, पुढच्यात तीन षोडशांश इंचाचे १० छर्रे. जुन्यांपैकी काही चांगले दिसत असले तरी त्यांनी सगळेच बदलले, कारण झिजलेल्या छर्र्यांत नवे मिसळले की सगळा भार नव्यांवर येतो. मागचा एक कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा भाग) खड्डे पडल्यामुळे बदलावा लागला आणि तो जुना कोन त्यांनी माझ्या हातावर ठेवला. प्रत्येक बदललेला भाग ग्राहकाच्या हाती देण्याची ही रीत मला फार आवडली. कागदी पिशवीतून मी ते सगळे भंगार घरी घेऊन आले.

चाकांचा आऊट (फिरताना रिमचे इकडेतिकडे डोलणे) त्यांनी यंत्राशिवाय काढला. ब्रेकच्या रबराजवळून रिम फिरवत, जेथे ती घासते तेथल्या तारा पाव-पाव फेरा सैल किंवा घट्ट करत आणि मधूनच तारांवर नख मारून आवाज ऐकत. ब्रेकची जुनी रबरे फेकून देण्यापूर्वी त्यांनी दाभणाने त्यांच्यात रुतलेले अॅल्युमिनियमचे कण काढून दाखवले. पावसाळ्यात रस्त्यावरची वाळू रबरात अडकते, ती रिम खरवडते, खरवडलेला धातू पुन्हा रबरात बसतो, आणि मग ब्रेक रिमला कानशीप्रमाणे घासत राहतो. महिन्यातून एकदा रबरे पाहून हे कण टोकरून काढले आणि रिम ओल्या फडक्याने पुसली तर दोन्हींचे आयुष्य वाढते. हे काम घरी करता येते, त्यासाठी दुकानात येऊ नका, असेही ते म्हणाले.

मागच्या दिव्याचा मुद्दा मला लाज वाटावी असा होता. मी तो सीटखाली लावला होता आणि कॅरिअरवर रोज डब्याची पिशवी ठेवत होते, म्हणजे पिशवी असताना तो कोणालाही दिसत नव्हता. त्यांनी तो कॅरिअरच्या मागच्या पट्टीला बसवला. पुढचा दिवा समोरच्यांच्या डोळ्यांत जात होता, तो खाली वाकवला. आरसा मात्र मी मागूनही त्यांच्याकडे मिळाला नाही. तो मी नंतर दुसरीकडून घेतला आणि उजव्या बाजूला लावला, कारण आपल्याला ओलांडणारी वाहने (निदान कायद्यानुसार) उजवीकडून येतात.

आता उणिवा. गुरुवारी मिळणारी सायकल शनिवारी मिळाली आणि मधले दोन दिवस मला बसने जावे लागले. पावती मिळत नाही, मागितल्यास वहीच्या पानावर आकडे लिहून मिळतात. चेनवर तेल त्यांनी सढळ हाताने सोडले होते. चेनला तेल आतल्या पिनांसाठी हवे असते, बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ गोळा करते. त्यामुळे घरी आल्यावर ती मला कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी लागली. नवी ब्रेक रबरे पहिले तीन दिवस कर्कश ओरडत होती. पुन्हा गेले तेव्हा त्यांनी रबरांची पुढची कड किंचित आधी टेकेल असा कोन दिला, आवाज थांबला, पैसे घेतले नाहीत, पण हे पहिल्याच वेळी व्हायला हवे होते. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या सायकलीला ते हात लावत नाहीत आणि तसे स्पष्ट सांगतात, हे मी उणिवेत धरत नाही.

खर्च असा आला: मजुरी ७०० रुपये, चेन ४५०, फ्रीव्हील ५५०, ब्रेक रबरांच्या दोन जोड्या ३००, वायरी १६०; एकूण २,१६० रुपये. कोन आणि छर्रे त्यांनी मजुरीतच धरले. पूर्वीच्या दालनात मी नुसत्या धुण्यापुसण्याचे याहून फार कमी दिले नव्हते.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. सकाळी दहाच्या आधी गेल्यास काकांना बोलायला वेळ असतो, संध्याकाळी शाळेच्या मुलांच्या पंक्चरची रांग असते. हवा तेथे पायपंपाने, काटा पाहून, स्वतः भरता येते; माझ्या टायरच्या कडेवर किमान ५० पीएसआय छापलेले आहे आणि पेट्रोल पंपावरचा मुलगा स्कूटरच्या अंदाजाने तीसवरच थांबत असे, हेही मला तो काटा पाहूनच कळले. मे महिन्याच्या शेवटी मात्र सायकल टाकू नये, कारण पावसाळ्याआधी सगळ्यांना एकदमच ब्रेकची आठवण होते आणि त्या वेळी गुरुवारचा शनिवार नव्हे, पुढचा बुधवार होतो.