‘जुन्या वाड्याचं सागवान’: गिटारच्या पाठीच्या फळ्यांमधली फसवणूक

वर्ध्याकडच्या एका गावात गिटार बांधणाऱ्या कारागिराने भर पावसाळ्यात पाठीसाठी सागवानाचे चार सेट मागवले. प्रत्येक सेटात दोन फळ्या, 550 मिमी लांब, 210 रुंद, 4 जाड. विकणाऱ्याने फोनवर सांगितलं की माल जुन्या वाड्याच्या तुळयांचा आहे, उभ्या चिरेचा आहे आणि पूर्ण वाळलेला आहे. पैसे आगाऊ घेतले. बिल नाही, वाहतूक पास नाही.

फळ्या दिसायला देखण्या होत्या आणि टोकांना जाड मेण होतं. लाकूड टोकाकडून लवकर सुकतं आणि तडकतं, म्हणून मेण लावायची रीत खरीच आहे. नेमकं त्यामुळेच त्याच्याखाली काय दडलंय ते कोणी पाहत नाही. मेण खरवडा. उभ्या चिरेच्या फळीत छेदातल्या वलयांच्या रेषा फळीच्या पृष्ठाशी काटकोनात उभ्या दिसतात. इथे त्या आडव्या होत्या. आडव्या चिरेचं सागवान रुंदीत साधारण दुपटीने आकसतं.

जाडीतही लबाडी होती. कडेला कॅलिपर लावला की 4 मिमी भरतं, पण त्याचा जबडा मध्यापर्यंत पोचत नाही आणि तिथे सँडपेपरच्या फिरत्या पट्ट्याने घासून खोलगट केलेलं असतं. सरळ पट्टी आडवी ठेवून उजेडासमोर धरली की फट दिसते, दोन्ही बाजूंनी पाहा. पाठ शेवटी 2.6 मिमीच्या आसपास आणायची असते, म्हणजे असा खड्डा काढायला लाकूडच उरत नाही. गडद तपकिरी रंगावर तर जाऊच नका. खऱ्या जुन्या तुळईत खिळ्यांची भोकं आणि लोखंडाचे काळे डाग सापडतात, आणि चिरल्यावर आतून ती सोनेरीच निघते.

सगळ्यात महाग पडला तो ओलावा. कारागिराच्या जोडणीत खोट नव्हती: लांब रंध्याने कडा मारल्या, उजेडासमोर जुळवून पाहिल्या, तेल काढायला अ‍ॅसिटोनने पुसून लगेच सरस लावला. पण आपल्याकडच्या पावसाळी हवेत ओलं लाकूड गप्प बसतं. मे महिन्यात त्याला आकसायचं होतं, तेव्हा ते गिटारच्या बाजूंना आणि आतल्या आडव्या आधारपट्ट्यांना चिकटलेलं होतं, म्हणून पाठ उभी फाटली.

फोन केला तर उत्तर ठरलेलं, “तुमचा सरस कच्चा.” फाटलेली कड बघून घ्या. सरस खरंच सुटला असेल तर कड स्वच्छ, चकचकीत दिसते. इथे भेग जोडाच्या शेजारून गेली होती आणि कडेवर लाकडाचे तंतू उपटलेले होते. हा सरसाचा दोष नव्हे.

पारख घरच्या ओव्हनमध्ये होते. फळीच्या मधल्या भागातून पट्टी कापा (टोक आधीच सुकलेलं असतं), 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला आणि 103 अंश सेल्सिअसवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. 59 ग्रॅमची पट्टी 50 वर आली, तर 9 भागिले 50, म्हणजे 18 टक्के ओलावा. गिटारीला 8 च्या आसपास हवा.

फळी कापू द्यायला विक्रेता तयार नसेल तर त्याच लाकडाचा तुकडा सोबत मागा. एकच सेट आधी घ्या. बिलावर ‘उभी चीर’ आणि ओलाव्याचा टक्का लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करताना तोच कागद विचारतात, आणि या व्यवहारात नेमका तोच नव्हता.