'फुल एचडी' म्हणून गळ्यात मारलेला ३२ इंची टीव्ही

लहान टीव्ही घ्यायला निघाला असाल तर दुकानात जाण्याआधी हे वाचा. टीव्हीच्या कडेवर 'फुल एचडी १०८०पी' असं ठळक स्टिकर असतं, दुकानदार तोंडभरून तेच सांगतो आणि आत पॅनेल, म्हणजे खरा पडदा, निघतं साधं, कमी पिक्सेलच्या (चित्राच्या ठिपक्यांच्या) 'एचडी रेडी'चं. आमच्या बाबतीत हेच झालं.

मुलाच्या खोलीत टीव्ही हवा होता. दिवसा लॅपटॉप जोडून अभ्यास करायचा, रात्री मॅच बघायची. टेबलावर, तीन-साडेतीन फुटांवरून बघायचा असल्यामुळे चित्र एकदम स्वच्छ पाहिजे, हे दुकानात आधीच सांगितलं होतं. पॅनेल १९२० बाय १०८० पिक्सेलचंच, म्हणजे फुल एचडीचंच आहे ना, हेही स्पष्ट विचारलं. "ताई, शंभर टक्के फुल एचडी. यावर फोर-केसुद्धा चालतं," असं म्हणत दुकानदाराने पेनड्राइव्ह लावला. पोपट, कापलेली फळं, समुद्र. असल्या भडक व्हिडिओत कुठलाही टीव्ही चांगलाच दिसतो. एचडी रेडीपेक्षा अडीच हजार जास्त मोजून तो आम्ही घरी आणला.

लॅपटॉप जोडला आणि खोट दिसली. मराठी पीडीएफमधले रफार आणि अनुस्वार फुटलेले, जोडाक्षरं एकमेकांत मिसळलेली. फोन केला तर म्हणे शार्पनेस वाढवा. वाढवला, तर अक्षरांना पांढरी किनार आली. पुन्हा फोन केला तेव्हा त्याने इन्फोचं बटण दाबायला लावलं. कोपऱ्यात १०८०पी उमटलं. "बघा, तुमच्या टीव्हीवरच लिहून आलंय," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

इथे बरेच जण गप्प बसत असतील, आणि नेमकं यावरच हा धंदा चालतो. तो आकडा टीव्हीत येणाऱ्या सिग्नलचा असतो, पॅनेलचा नव्हे. टीव्ही १०८०चा सिग्नल घेतो आणि १३६६ बाय ७६८च्या, म्हणजे एचडी रेडीच्या पडद्यावर आकसून बसवतो. फुल एचडीत वीस लाखांहून जास्त पिक्सेल असतात, या पडद्यावर जेमतेम साडेदहा लाख. लॅपटॉपच्या सेटिंगवरही भरवसा ठेवू नका. टीव्ही जे कळवतो तेच तिथे दिसतं. 'फोर-के सपोर्ट'चीही तीच गत: फाइल चालते, चित्र पॅनेलच्याच कुवतीचं दिसतं.

खरं-खोटं करायला शाळेतली पट्टी पुरते. पांढरं चित्र लावा, पट्टी पडद्याला आडवी टेकवा (दाबू नका) आणि मोबाइल अगदी जवळ नेऊन फोटो काढा. फोटो मोठा केला की लाल-हिरव्या-निळ्या रेघांचे बारीक गट दिसतात. एक गट म्हणजे एक पिक्सेल. ३२ इंची फुल एचडीत एका सेंटिमीटरमध्ये असे २७-२८ गट भरतात, एचडी रेडीत १९-२०. आमच्या टीव्हीत वीससुद्धा भरले नाहीत.

३२ इंचात एचडी रेडी घेणं वाईट, असं मी म्हणत नाही. नामवंत कंपन्यांचेही या आकाराचे बरेच टीव्ही एचडी रेडीच असतात आणि त्या तसं सांगून विकतात. सहा-सात फुटांवरून बातम्या, मालिका बघायच्या तर फरक फारसा कळतही नाही. तिथे मी पिक्सेलपेक्षा काळा रंग किती काळा दिसतो आणि बाजूने किंवा खालून बघताना चेहरे फिके पडतात का, हे आधी बघेन. भिंतीवर उंच लावून पलंगावरून बघणार असाल तर दुकानात खाली वाकून बघाच. पण एक सांगून दुसरं विकणं आणि वर त्याचे जादा पैसे घेणं ही सरळ लूट आहे.

फोटो घेऊन दुकानात गेलो तेव्हा त्याने स्टिकरवर बोट ठेवलं. '१०८०पी'च्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात 'सपोर्ट' छापलं होतं. बिलावर नुसतं '३२ एलईडी टीव्ही'. मॉडेल नंबर नाही, रिझोल्यूशन नाही. वॉरंटी कार्डावर फक्त दुकानाचा शिक्का.

म्हणून पैसे देण्याआधी बिलावर मॉडेल नंबर आणि 'पॅनेल रिझोल्यूशन १९२० बाय १०८०' हे शब्द लिहून मागा. जो लिहून द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका. मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर तिथेच, मोबाइलवर तपासा. दाखवायला लावलेला नव्हे, तर तुम्हाला मिळणारा खोका उघडून तोच टीव्ही चालू करायला लावा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवल्यावर दुकानदाराने अडीच हजार परत देऊ केले. आम्ही ते घेतले नाहीत. टीव्ही परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या, ही मागणी घेऊन आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि दाद मागायला दोन वर्षांची मुदत असते. कुणाबरोबर असंच झालं असेल तर खोका, स्टिकर आणि पट्टीचा फोटो फेकू नका, बिलासोबत जपून ठेवा.