मेलबर्नचे आयरिस पुण्यात : एका रोपवाटिकेच्या परदेशी सेवेविषयी

आयरिस या फुलझाडाचे कंद युरोप-अमेरिकेतून मागवावेत की ऑस्ट्रेलियातून, हा विषय पुण्यातील हौशी बागकामकऱ्यांत निघाला की बोलणे बहुधा किमतीवर जाऊन थांबते. मेलबर्नजवळच्या ज्या छोट्या रोपवाटिकेकडून मी कंद मागवले, तिच्या अनुभवावरून मला मात्र किमतीपेक्षा कॅलेंडर महत्त्वाचे वाटते. पुढे तक्रारही असल्यामुळे तिचे नाव देत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत ही मंडळी चोख आहेत. पैसे घेण्याआधीच त्यांनी भारताचा आयात परवाना मागितला. वनस्पतींच्या आयातीसंबंधीच्या २००३ च्या आदेशानुसार लागवडीच्या कंदांसाठी आधी परवाना काढावा लागतो आणि पाठवणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र सोबत असावे लागते. शिवाय मुळांना माती चालत नाही. ‘भेटवस्तू’ असे लिहून गुपचूप पाठवू म्हणणारे विक्रेतेही भेटतात, पण त्यांच्या नादी लागू नये, कारण असा माल तपासणीत अडकला की कंदही जातात आणि पैसेही. परवान्याचा आणि तपासणीचा खर्च थोड्या कंदांसाठी परवडत नाही, म्हणून चार-पाच जणांनी एकत्र मागणी नोंदवणे शहाणपणाचे.

खोके उघडल्यावर बांधणी पाहून समाधान वाटले. बिअर्डेड आयरिसचे, म्हणजे खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखी लव असणाऱ्या जातीचे कंद आल्याच्या गड्ड्यासारखे आडवे वाढतात. ते स्वच्छ धुऊन, मुळे छाटून, पाने पंख्याच्या आकारात कापून कोरड्या कागदात ठेवलेले होते आणि प्रत्येकाच्या पानावरच शाईने वाणाचे नाव लिहिलेले होते, त्यामुळे चिठ्ठी गळून पडण्याची भीती नाही. लुइझियाना आयरिस मुळात पाणथळ जागेतला. कोरडा राहिला तर तो सुकतो, म्हणून त्याचे कंद ओलसर कागदात आणि वर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले होते. दोन्ही प्रकार एकाच पद्धतीने बांधणारे विक्रेते असतात, त्यामुळे हा फरक जाणणाऱ्याला मी पूर्ण गुण देईन.

तक्रार आहे ती सोबत आलेल्या लागवड-पत्रकाबद्दल. ‘मिळताच भरपूर उन्हात लावा, वसंतात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुले येतील’ असा त्यातला सल्ला मेलबर्नसाठी बरोबर आहे. उत्तर गोलार्धातील ग्राहकांसाठी खाली एकच ओळ होती : महिने सहाने पुढे सरकवा. हे गणित लंडनला चालेल, पुण्याला चालत नाही. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलून गेलेले कंद डिसेंबर-जानेवारीत उपटले जातात आणि आपल्याकडे पोहोचतात ते थंडी संपत आली असताना. ज्या झाडाने तिकडचा उन्हाळा नुकताच पाहिला, त्याच्यापुढे शरद ऋतूऐवजी मार्च-एप्रिल-मे उभे राहतात. म्हणजे लागोपाठ दोन उन्हाळे, त्यानंतर थेट पावसाळा, आणि या सगळ्यात हिवाळा नाहीच! बिअर्डेड आयरिसला कळी धरण्यासाठी काही आठवडे सलग थंडी लागते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० ते १२ अंशांपर्यंत उतरते खरे, पण दुपारी ते २८-३० अंशांवर जाते. माझ्याकडच्या बिअर्डेड आयरिसने तग धरला, पण पानांपलीकडे काही दिले नाही. महाबळेश्वरला बंगला असलेल्या एका स्नेह्यांनी मग उत्साह दाखवला. त्यांना सांगावे लागले की थंडी तिथे बरी असली, तरी ५००० मिमीहून अधिक पाऊस या कंदाला कुजवल्याशिवाय राहणार नाही.

लुइझियानाने मात्र निराश केले नाही. उष्ण हवा त्याला मानवते. अडचण आहे ती आपल्या काळ्या मातीची आणि बोअरच्या जड पाण्याची, कारण दोन्ही अल्कधर्मी असतात आणि त्याला किंचित आम्ल माती हवी असते. पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या की लोह मिळत नाही असे समजावे. पानांचे कुजलेले खत आणि कोकोपीट घालून रुंद, उथळ टबमध्ये लावला, पावसाचे साठवलेले पाणी दिले आणि मे महिनाभर दुपारच्या उन्हापासून जाळीची सावली केली, तेव्हा तो रुळला. पुढच्या फेब्रुवारीत त्याच्या उंच दांड्यावर जांभळी फुले आली. फूल फार टिकत नाही, पण एका दांड्यावर कळ्या अनेक असल्याने बहर लांबतो.

पत्रकाबद्दल मी रोपवाटिकेला सविस्तर लिहिले. उत्तर नम्र होते, बदल कोणताही झाला नाही. तरीही लुइझियानासाठी मी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन, फक्त परवान्याचा अर्ज पावसाळ्यातच करीन, म्हणजे हंगामातले पहिलेच कंद मिळतील आणि उन्हाळ्याआधी मुळे धरायला वेळ राहील. बिअर्डेडचा हट्टच असेल, तर उत्तर गोलार्धातला विक्रेता गाठावा आणि जुलै-ऑगस्टमध्ये उपटलेले कंद पुण्यातला पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर पोहोचतील असे आधीच ठरवून घ्यावे.