कयानी अँड कंपनी, धोबीतलाव: शंभरी कधीच पार झालीय

आधीच सांगते, ही पुण्याची श्रूजबेरीवाली कयानी बेकरी नाही, हे मुंबईचं इराणी हॉटेल, मेट्रो सिनेमासमोरचं, १९०४ सालचं. आपण कोणाचं नाव काढावं आणि नेमका तोच दारात उभा दिसावा, मग आपण म्हणतो ना "शंभर वर्षं आयुष्य आहे बघ तुला", ते या हॉटेलला म्हणायची सोय नाही, शापच होईल तो, शंभरी ओलांडून वीस वर्षं होऊन गेलीत त्याची.

आमच्या ग्रुपमध्ये एक महाशय आहेत, ते कधीच वेळेवर येत नाहीत, पण खिमा पाव टेबलावर आला आणि कोणी म्हटलं "अरे तो कुठेय" की हा हजर. आता आम्ही म्हणतो शंभर वर्षं आयुष्य याला नाही, याच्या नाकाला आहे. आणि माझ्या मावशीला हे वाक्य म्हटलं की ती लगेच म्हणते, "शंभर नको गं बाई, आहेत तेवढी वर्षं गुडघे चालू देत."

असो, खाण्याचं बोलू. ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, घ्या, बन नाही. बन मऊ आणि गोडसर असतो, छानच लागतो, पण ब्रूनचं कडक कवच चहात बुडवलं की बाहेरून भिजतं, आत थोडं कुरकुरीत राहतं आणि मस्का चहावर तरंगायला लागतो, तो तवंग बघून नाक मुरडणाऱ्यांनी इराण्याकडे येऊच नये. अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची अंडी, मागवलीत तर भुर्जी समजून खाऊ नका, ती ओलसरच असते, पावाबरोबर चापायची. मावा केकला वेलचीचा मस्त वास. रास्पबेरीचं थंड पेय मला जरा जास्तच गोड लागतं पण पोरं त्याच्यासाठीच येतात. बाकी लाकडी खुर्च्या, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, काचेच्या बरण्यांत बिस्किटं, सगळं फोटोत असतं तसंच.

मला खरी गंमत वाटते ती ग्रँट रोडच्या बी. मेरवानची. १९१४ चं हॉटेल, आणि बरोबर शंभराव्या वर्षी, २०१४ मध्ये, बातमी आली की बंद होणार. लोकांनी मावा केकसाठी रांगा लावल्या, गळे काढले, पेपरात मृत्युलेखच यायचे बाकी होते, आणि काही दिवसांनी दुकान डागडुजी करून परत सुरू! आपल्याकडे म्हणतातच की मेल्याची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं, ते हॉटेलांनाही लागू असावं. अर्थात सगळ्यांचं नशीब असं नसतं, कयानीच्या जवळचंच बास्तानी हे इराणी हॉटेल बंद पडलं ते पडलंच, आणि त्याच्या आठवणी काढणारे बरेचसे लोक तेव्हा तिकडे फिरकतही नव्हते, हे माझं मत, राग आला तर येऊ दे.

म्हणून कयानीबद्दल नुसतं हळहळून पोस्टी टाकू नका, जाऊन खा, बिलाने आयुष्य वाढतं, लाइकने नाही. रविवारी गर्दी असते, जमलं तर आठवड्यात सकाळी जा, चहा दोनदा मागवा आणि मावा केक घरी न्यायला वेगळा बांधून घ्या, टेबलावरचा उरत नाही.