तोंडातनं की नाकातनं? ऑपरेशनआधी श्वासाची ताकद मोजताना

बायपासला थांबलेल्या पेशंटच्या श्वासाच्या स्नायूंची ताकद एमआयपीनं (तोंडातनं जोरात श्वास ओढायला लावून दाब मोजायचा) मोजू की स्निफनं (नाकातनं झटक्यात ओढायला लावून), असं नवीन फिजिओ पोरं विचारतात. बऱ्याच मीटरवर दोन्ही होतंय, म्हणून खर्चाचं सोडा. मी बेळगावात दोन्ही करून बघितलंय.

एमआयपीचा मान मोठा, ते कबूल. २००६ च्या त्या डच अभ्यासात बायपासआधी किमान २ आठवडे, रोज २० मिनिटं श्वासाचा व्यायाम दिला, लोड (म्हंजे श्वास ओढताना लावलेला अडथळा) एमआयपीच्या ३० टक्क्यांपासनं, आणि न्यूमोनिया १६.१ टक्क्यांवरनं ६.५ वर आला. म्हंजे ट्रेनरचा, श्वासाच्या व्यायामाच्या यंत्राचा, लोड ठरवायचा तर एमआयपीचा आकडा लागतोच.

पण ओठांचं काय करायचं? निपाणी-चिकोडीकडच्या किती आज्यांचे मिश्री लावून लावून दात गेलेत, कवळी असली तर ती घरी डब्यात, आणि गुटख्यानं तोंड उघडत नाही असली तरणी पोरं वेगळीच. माउथपीसच्या कडेनं हवा फुसफुस आत जाते, मी दोन्ही हातांनी गाल धरून बसलोय, आजी म्हणतात "सोड की रं बाबा". वर सगळा श्वास सोडा, मग ओढा, सेकंदभर धरून ठेवा, हे सांगता सांगता माझं मराठी संपतं आणि कन्नडही. शेवटी ३८ येतं (दाब, सेंटीमीटर पाण्यात). आता स्नायू कमजोर की ओठ गळके, सांगा बघू?

स्निफला एका नाकपुडीत बोळा, दुसरी मोकळी, तोंड बंद, साधा श्वास सोडून झाला की झटका. मी एवढंच म्हणतो, "तपकीर ओढल्यासारखं ओढा." निपाणीच्या माणसाला आणि काय शिकवायचं! त्याच आजींना सातव्या झटक्याला ६४ आलं. बायकांत ६० आणि पुरुषांत ७० च्या वर गेलं की मोठा अशक्तपणा बहुतेक नसतोय. दहाएक झटके मात्र घ्या, पहिले दोन-तीन वायाच जातात.

नाक चोंदलेलं असलं की स्निफ पण फसवतं, पावसाळ्यात खानापूरकडचे पेशंट आले की मला एमआयपीच बरं वाटतं. आणि छातीत दुखणं थांबत नसेल तर सर्जनना विचारल्याशिवाय मी दोन्हीला हात लावत नाही.

तुमच्याकडं वेगळं असेल, पण मी आधी स्निफ घेतो, चांगलं आलं तर कमजोरीची शंका तिथंच मिटली. एमआयपी नंतर, लोड ठरवण्यापुरतं, आणि ओठ बसतच नसतील तर लोड अगदी कमी ठेवून पेशंटला किती जड जातंय ते विचारत वाढवतो. कवळी आणा म्हणून आदल्या दिवशी फोन करतो, तरी निम्मे विसरूनच येतात.