बँकॉकचं तीन रात्रींचं पॅकेज: सांगलीकरांनी काय तपासावं

सांगली-मिरजेत मिळणाऱ्या अशा पॅकेजात सहसा विमान, हॉटेल आणि नाश्ता येतो. प्रवेश तिकिटं आहेत का, हे पैसे भरण्याआधीच विचारा. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या 3 दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे. त्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

सगळ्यात मोलाचा नदीकाठचा अर्धा दिवस. मेट्रोच्या निळ्या मार्गावर सनम चाय स्थानकावर उतरा. राजवाडा (ग्रँड पॅलेस) सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट 500 बाट. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारातच अडवतात. बाहेर कुणी ‘आज बंद आहे’ म्हणालं तर ऐकू नका, गेटपर्यंत चालत जा. असं सांगणारा तुम्हाला टुकटुकमध्ये (तिथली रिक्षा) बसवू बघतो, आणि ती फेरी हमखास रत्नांच्या दुकानात संपते. मग ‘वाट फो’ (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) इथला 46 मीटर लांब पहुडलेला बुद्ध, आणि था तियेन धक्क्यावरून होडीनं नदीपलीकडे ‘वाट अरुण’ मंदिर. तिथल्या पायऱ्या भलत्याच उभ्या. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच बघा.

चातुचक बाजार खरा भरतो शनिवार-रविवारी, त्यामुळे सोमवार ते गुरुवारचं स्वस्त पॅकेज घेतलं तर तो हुकणारच. शाकाहारी मंडळींनो, नुसत्या भाजीतही फिश सॉस असतो. पोटभर आपलं जेवण हवं तर ‘पाहुरात’ हा बँकॉकमधला भारतीय वस्तीचा भाग गाठा.