इजिप्शियन थीम हवीये? आधी ठरवा, नेपोलियनवाली की तुतनखामनवाली

रूम असो, ज्वेलरी असो नाहीतर डिझाईन कॉलेजचं प्रोजेक्ट, इजिप्शियन करायचंय म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या लाटेतलं? कारण युरोपात हे वेड दोनदा जबरदस्त आलं, एकदा नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर आणि दुसऱ्यांदा नोव्हेंबर १९२२ मध्ये पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला इजिप्तचा प्राचीन राजा तुतनखामनची कबर सापडल्यावर. पिंटरेस्टवर दोन्ही एकत्र कालवलेली दिसतात आणि घोळ तिथंच होतो.

नेपोलियनने सैन्याबरोबर दीडशेच्या वर अभ्यासक नेले होते. त्यांनी देवळं मोजली, खांब मोजले, ढिगाने चित्रं काढली, त्यातल्या विवां देनोंचं सचित्र प्रवासवर्णन १८०२ ला आलं आणि फर्निचरवाल्यांना खजिनाच मिळाला. पण हे लोक बघत होते ते मुख्यतः दगडी बांधकाम, म्हणून त्यातून आलेली स्टाईलही तशीच, स्फिंक्सवाल्या खुर्च्या, देवळाच्या दारासारखी वर निमुळती होणारी कपाटं, महोगनी, काळा रंग, सोनेरी मुलामा, सगळं भारदस्त. फ्रान्समधल्या सेव्रच्या कारखान्याने पोर्सेलिनचा एक डिनर सेट केला, त्यात टेबलाच्या मधोमध मांडायला सहा मीटरपेक्षा लांब पांढरी देवळं! नेपोलियनची पहिली बायको जोसेफिन हिच्यासाठी बनवला होता पण तिला तो फारच रुक्ष वाटला, तिने परत केला, पुढे १८१८ मध्ये तो नेपोलियनला हरवणाऱ्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनला भेट गेला आणि आज लंडनच्या ॲप्सली हाऊसमध्ये आहे. छोट्या फ्लॅटवाल्यांनी जोसेफिनचं ऐकावं असं माझं प्रामाणिक मत.

लंडनच्या टॉमस होपने तर घरात अख्खी इजिप्शियन खोली केली होती, आणि त्यानेच १८०७ मध्ये लिहून ठेवलंय की लाकडी पट्ट्या, प्लास्टर, कापड, कागद वापरून केलेल्या नकलेत मूळची भव्यता जराही उरत नाही. पीओपीचे पपायरस खांब करायचा विचार असेल तर हे आधी मनावर घ्या. अजून एक, फ्रेंच अभ्यासक शांपोलियनने इजिप्तची चित्रलिपी उलगडली १८२२ ला, त्यामुळे त्याआधीच्या फर्निचरवरची चित्रलिपी म्हणजे नुसती नक्षी, ती जशीच्या तशी उचलू नका.

तुतनखामनची गोष्टच वेगळी. कबरीत पाच हजारांवर वस्तू निघाल्या आणि त्यातल्या कितीतरी अंगावर घालायच्या, हातात धरायच्या, गळ्यातले हार, बांगड्या, सँडल, हातमोजे, पेट्या. रंग बघा, सोनं, गडद निळा, फिरोजी, कार्नेलियनचा तांबूस लाल. म्हणून ही लाट खोलीपेक्षा माणसाच्या अंगावर जास्त शोभली. व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सने १९२४ च्या सुमाराला हिऱ्यांच्या पट्ट्यावर माणिक, पाचू, नीलम कापून बसवलेल्या इजिप्शियन आकृत्यांची ब्रेसलेट्स काढली, आणि कार्टियेने खरे प्राचीन फेयान्सचे (चकचकीत निळ्या-हिरव्या झिलईच्या इजिप्शियन सिरॅमिकचे) तुकडे हिऱ्यांत बसवून ब्रोच केले. ड्रेसचा तो सरळ, कंबर न आवळणारा कट मात्र इजिप्तमधून आलेला नाही, तो आधीच आला होता, पण सपाट कापड मिळाल्यावर मण्यांचं कमळ आणि पंखवाला भुंगा त्यावर मस्त बसला. वेडही तसं आधीपासून होतंच, हॉलिवूडचं इजिप्शियन थिएटर १८ ऑक्टोबर १९२२ ला उघडलं, म्हणजे कबर सापडायच्याही आधी!

कपड्यांत मला सगळ्यात आवडते ती इजिप्तमधल्या असियुटची शाल, जाळीदार कापडात चपट्या धातूच्या पट्ट्या दुमडून केलेली नक्षी, आपल्याकडच्या बदला कामाच्या जवळची. विसाच्या दशकात पश्चिमेत तिची भयंकर क्रेझ होती. पण जुनी शाल घेणार असाल तर लक्षात ठेवा, ती जड असते आणि स्वतःच्या वजनानेच जाळी ओढली जाते, हँगरवर अजिबात लटकवू नका.

दुसऱ्या लाटेचे धागे पुढे आर्ट डेकोत, म्हणजे १९२०-३० च्या दशकांतल्या भौमितिक सजावट शैलीत, मिसळले, न्यूयॉर्कच्या क्रायसलर बिल्डिंगच्या लिफ्टच्या दारांवर ते कमळासारखे उमललेले दिसतात. आपल्या मुंबईत फोर्टमधल्या न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या १९३६ च्या इमारतीवरचे उंच ताठ पुतळे बघा, चेहरेमोहरे इथले पण उभं राहणं थेट फॅरोंच्या मूर्तींसारखं वाटतं मला. कॉपी न करता प्रभाव कसा घ्यायचा हे शिकायला ही इमारत एकदा रस्त्याच्या पलीकडून निवांत बघाच.

तर निवड. मोठा हॉल, उंच छत, खरं लाकूड किंवा दगड परवडतोय तर नेपोलियनवाली घ्या, पण एकच दणकट वस्तू, पूर्ण सेट नको. कपडे, दागिने, लहान खोली, ग्राफिक्स, यासाठी डोळे मिटून तुतनखामनवाली, आणि त्यातही आकृत्यांपेक्षा रंग उचला, निळा आणि तांबूस लाल शेजारी ठेवून मध्ये सोनेरी रेघ दिली तरी काम होतं. कार्टियेसारखा खरा फेयान्स वापरायची हौस मात्र सोडा, इजिप्तने १९८३ च्या कायद्याने प्राचीन वस्तूंचा व्यापार बंद केलाय, त्यामुळे कोणी "ओरिजिनल कबरीतला मणी" म्हणून विकत असेल तर तो खोटा किंवा चोरीचा असण्याची दाट शक्यता असते, आणि नवीन बनवलेला फेयान्सचा मणी दिसायला तितकाच सुंदर असतो.